बत्तिसावी हरकत

घर घ्यायला निघालेल्या माणसाला कडू अर्जीनवीस पहिली गोष्ट सांगायचा ती ही की, घर बघू नकोस. घर काय, कोणालाही आवडतं. चुना मारला की सत्तर वर्षांची भिंतही नवरीसारखी उभी राहते. कागद बघ. विकणाऱ्याकडे घर आलं कुठून ते बघ, त्याला भाऊ किती, बहिणी किती, त्यातली एखादी रुसून बसलीय का ते बघ. आधीचं गहाण सुटलंय का, चतुःसीमेत उत्तरेला लिहिलेला शेजारी खरंच उत्तरेला आहे का, तेही बघ. एवढं सांगून झालं की तो टाक कानावर खोचायचा आणि म्हणायचा, "आणि बापा, बायकोला घेऊन घर बघायला जाऊ नको. ती चूल कुठे मांडायची ते ठरवून येते. मग तुझ्या हातात काही राहत नाही."

बऱ्हाणपूरच्या रजिस्ट्री कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात घेऊन तो तीस वर्षं बसत होता. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, गहाणखतं, भाडेचिठ्ठ्या लिहून द्यायच्या हा त्याचा धंदा. आधीची तीन लेकरं जगली नाहीत, तर चौथ्याला दृष्ट लागू नये म्हणून आईबापांनी कडू नाव ठेवलं. पोरगं जगलं, आणि नावाला जागलं. गोड बोलून कोणाचं भलं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं आणि त्यामुळे तो गोड बोलायच्या भानगडीत पडत नसे. त्याने चष्मा पुसून "हं, कोण विकू राहिला हे?" असं विचारलं की विकणारा आपलेच कागद पुन्हा चाळायला लागायचा. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याने लिहिलेला कागद कोर्टात कधी पडला नव्हता.

आता गंमत ऐका. सगळ्या गावाला घर कसं घ्यावं ते शिकवणारा हा माणूस स्वतः तीस वर्षं भाड्याने राहत होता. शनवाऱ्याजवळ एक, लालबागेकडे दोन, अशी करत करत सातवी जागा चालू होती. विकत घ्यायला घरं मिळाली नाहीत असं नाही. एकात पुतण्या परदेशी निघाला, एकात मृत्युपत्रावर साक्षीदार एकच निघाला, एकात तर काहीच निघालं नाही, तेव्हा कडू म्हणाला, इतका साफ कागद म्हणजे नक्की काहीतरी दडवलंय. त्याची बायको मथुराबाई एकदा शेजारणींना म्हणाली होती, "आमचा माणूस देवळात गेला तरी आधी देवाचा खसरा-उतारा मागेल."

मथुराबाई तशी बोलून मोकळी व्हायची, पण एक गोष्ट ती बोलत नव्हती. तिच्या लग्नातला आरसा, सागाच्या चौकटीचा, बापाने हौसेने दिलेला, तीस वर्षं पेटीत गोधडीत गुंडाळून पडला होता. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायला लागायचं. सातही मालकांना तिने विचारलं, आणि सातही मालकांनी भाडेचिठ्ठी काढून दाखवली. त्यात स्वच्छ लिहिलेलं असे की भाडेकरूने भिंतीस खिळा मारू नये. ते कलम कडूनेच लिहिलेलं होतं. गावातल्या प्रत्येक भाडेचिठ्ठीत तो ते घालायचा, आणि स्वतःच्या चिठ्ठीतून ते गाळणं म्हणजे धंद्याशी बेइमानी, असं त्याला वाटायचं. घ्या आता!

छप्पन सालच्या नोव्हेंबरात वरच्या लोकांनी देशाचा नकाशा उसवून पुन्हा शिवला. नागपूर गेलं मुंबईकडे, बऱ्हाणपूर राहिलं भोपाळकडे. कचेरीतला निम्मा स्टॅम्प जुन्या प्रांताचा, त्यावर शिक्का नव्या राज्याचा. कारकुनांच्याही वाटण्या झाल्या. तहसिलीतला सुधाकर कारकून नागपूरच्या वाट्याला गेला, आणि पुढच्या चैत्रात त्याने लोधीपुऱ्यातलं आपलं घर विकायला काढलं.

लोधीपुऱ्यातलं, म्हणजे मथुराबाईच्या माहेरच्या गल्लीतलं. तिच्या बापाच्या घराला लागूनच. बापाचं घर भावाने केव्हाच फुंकून टाकलं होतं, आता तिथे सरकीचं गोदाम होतं, आणि माहेर म्हणून तिला उरली होती ती नुसती गल्ली. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की ती तिथे जायचीच. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासूच्या नावाने मनसोक्त खडे फोडतात. लोधीपुऱ्याचा झोका सुधाकरच्या परसातल्या कडुनिंबाला बांधला जायचा. मथुराबाई पन्नाशीला आली तरी दर आखाजीला त्या झोक्यावर बसून यायची.

"हे घर घ्यायचं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "नाही घेतलं तर सामान बांधा आणि आठव्या घरी तुम्ही एकटे जा."

कडूने कागद पाहिले. तीन रात्री उलटेपालटे करून पाहिले. सुधाकरच्या आजोबापासून साखळी सरळ होती, भाऊबंद नाही, गहाण नाही. त्याला जरा वाईटच वाटलं. इसार दिला गेला, मुदत ठरली आखाजीच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी खरेदीखत झालं नाही तर इसार बुडणार, आणि घर जाणार एका जिनवाल्याकडे. जिनवाल्याने सांगूनच ठेवलं होतं की तो निंब पाडून तिथे कापसाचं गोदाम घालणार आहे. कडूजवळचे पैसे निम्म्याला पुरत होते. बाकीचे गावातली एक सहकारी बँक त्याच घराच्या गहाणावर द्यायला तयार होती, पण अट अशी की घर निर्वेध पाहिजे. म्हणजे त्याच्यावर कोणाचा, कसलाही हक्क नको.

बँकेचे वकील शालिग्राम, जबलपूरहून नुकतेच शिकून आलेले तरुण गृहस्थ, म्हणाले, "कडूजी, एक नोटीस काढा म्हणजे झालं. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा म्हणावं. कोई आता-जाता नहीं. फक्त फॉर्मॅलिटी आहे."

फॉर्मॅलिटी! कडूला हा शब्द ऐकला की खाज सुटायची. दुसऱ्याला लिहून देताना तो नोटीस चार ओळींची लिहायचा, पण हे स्वतःचं घर. त्याने दीड पान लिहिलं. सदर घरावर, धाब्यावर, ओट्यावर, भिंतीवर, परसावर, झाडावर, कोणाचाही मालकीचा, जाण्यायेण्याचा, बसण्याउठण्याचा, वाळवणाचा अगर कसलाही हक्क किंवा वहिवाट असल्यास रविवारी सकाळी समक्ष येऊन सांगावी, ही नम्र विनंती. मग ती लोधीपुऱ्यात वाचून दाखवायला त्याने डफवाल्या लोटूला पाठवलं.

इथे घात झाला. लोटूचा डफ गल्लीत वाजायचा तो सरकारी मुनादीच्या दवंडीला आणि लग्नाच्या आवतणाला. नोटीस वाचता वाचता, गळ्याच्या सवयीने, त्याने शेवटी जोडून दिलं, "तरी मथीचे मालक, आपले जावाईबुवा, सगळ्यांना बोलावू राहिले होsss! सहकुटुंब यावं!"

आता विचार करा. गल्लीची लेक मथुरा. तिचा नवरा म्हणजे सगळ्या गल्लीचा जावई. जावयाने डफ वाजवून, नम्र विनंती करून बोलावलं, आणि कोण घरी बसेल? आणि आलं तर रिकाम्या हाताने कोण येईल?

रविवारी सकाळी कडू सुधाकरच्या ओट्यावर पेटी मांडून, कोरी वही उघडून बसला. दहा मिनिटं बसून उठू असा त्याचा हिशेब होता. सात वाजता पहिली आली रंभाबाई. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, कंबरेत वाकलेली, पण आवाज चांगला खणखणीत. तिच्यामागे आणखी अकरा बाया.

"लिहा जावाईबुवा," रंभाबाई म्हणाली. "सुधाकरच्या धाब्यावर आमचे बिबडे वाळतात. माझी सासू घालायची तिथेच."

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, वर्षाचे करून ठेवायचे, आणि गल्लीत सपाट, मोठं धाब्याचं छत एवढं एकच. बाराही बायांनी बिबडे लिहवले. मग उखर्डू आला. तो जेवण झाल्यावर याच ओट्यावर डुलकी काढायचा, त्याचा बापही काढायचा. आशाबाईच्या गोवऱ्या मागच्या भिंतीला थापल्या जायच्या. एकाचा बैल पोळ्याला निंबाला बांधत, एकीची बकरी पाला खात होती. कडू लिहीत राहिला. हात थांबेना आणि कपाळावर घाम जमला. कोणी सांगितलं आणि कडूने लिहून घेतलं नाही, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

शेवटी मालूबाई नावाची एक बाई आली. पदर सावरून उभी राहिली, लाजली, बोलेना.

"काय तुमचं?" कडू खेकसला.

"आमचं काहीच नाही हो," ती म्हणाली. "पण म्हटलं, जावाईबुवांनी एवढी मुनादी देली, गेलो नाही तर काय वाटेल त्यांना? लिहा काहीतरी. मागच्या दिवाळीला मी यांच्या चुलीचा विस्तव नेला होता, तेच लिहा."

कडूने विस्तव लिहिला. तो एकतिसावा. उठून पेटी बंद करतो न करतो तोच समोर मथुराबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी, चेहरा अगदी परक्या पक्षकारासारखा.

"तू इथे काय करू राहिलीस?"

"मुनादी सगळ्यांना होती ना? लिहा. आखाजीचा झोका."

"अगं बाई, घर आपणच घेऊ राहिलो!"

"घेणार तुम्ही. तुमच्या नावावर. उद्या वकील म्हणाला झाडाच्या मुळांनी भिंत फुटते, तर तुम्ही झाड पाडाल. मला माहीत नाही का तुम्ही? लिहा."

त्याने लिहिलं. हरकत नंबर बत्तीस, मथुराबाई, झोका.

सोमवारी शालिग्राम वकिलांनी वही वाचली. आधी हसले, मग विस्तवापर्यंत आले तेव्हा हसणं थांबलं. "कडूजी, हे मकान आहे की धरमशाला? बँक यावर एक पैसा देणार नाही. प्रत्येकाकडून हक्कसोड लिहून आणा. अंगठ्यासकट."

आखाजीला पाच दिवस होते. कडूने रात्रभर बसून एकतीस हक्कसोडपत्रं लिहिली आणि सकाळी शाईची डबी घेऊन लोधीपुऱ्यात गेला. रंभाबाईने कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"अंगठा नाही देणार."

"काकू, तुमचा हक्क थोडाच कोणी बुडवू राहिलं? बिबडे घाला की!"

"तसं नव्हे. माझा माणूस वारला तेव्हा दीर कागद घेऊन आला होता, आठवतं? मी चिंचेखाली तुमच्याकडे आले होते. तुम्ही काय म्हणाले होते? रंभाबाई, कोणी काहीही म्हणो, दीर म्हणो, पोरगा म्हणो, मी स्वतः कागद घेऊन आलो तरी अंगठा देऊ नको. तेव्हा नाही दिला म्हणून हे छप्पर डोक्यावर राहिलं. आता तुम्हीच कागद घेऊन आले!" आणि ती बोळकं पसरून मनमुराद हसली.

गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच. कडूने कधी ना कधी सगळ्यांना हाच सल्ला दिला होता, फुकट. आणि लोक फुकटचा सल्ला विसरतात म्हणे! लोधीपुरा एक अक्षर विसरला नव्हता. कडू एकतीस कागद आणि न उघडलेली शाईची डबी घेऊन परत आला. आयुष्यात प्रथमच त्याला आपल्या अकलेचा राग आला.

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. सातव्या घराच्या भिंतीला, बिनखिळ्याच्या. मथुराबाईने ताट वाढलं, त्याने हात लावला नाही.

"गेलं घर," तो म्हणाला. "माझ्याच हाताने घालवलं. कोणी दुसऱ्याने केलं असतं तर चांगला झोडला असता."

तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं. रडेल असं त्याला वाटलं, आणि त्याला ते सोसलं नसतं. पण ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मला एक समजत नाही. रंभाकाकूने हक्क कसला लिहवला? ती तर दरवर्षी सुधाकरच्या आईला विचारूनच वर चढायची. जिन्याशी उभी राहून, 'येऊ का व?' म्हणायची. सगळ्याच म्हणायच्या. त्या म्हातारीने 'या' म्हटल्याबिगर कोणी पाय ठेवत नव्हतं."

कडू ताडकन उठला. ताट पायाने लवंडता लवंडता वाचलं.

"विचारायच्या?"

"मग! दुसऱ्याच्या घरात न विचारता जातं का कोणी?"

"अगं, मग हक्क कसला? परवानगी मागून शंभर वर्षं वापरलं तरी त्याचा हक्क होत नाही! हक्क होतो तो न विचारता, बेधडक वापरल्यावर. आणि मी शहाणा, वहीत 'वहिवाट' लिहून बसलो!" त्याने आपल्याच टाळक्यावर चापट मारली. "आता वाढ आणखी भाकरी."

दुसऱ्या दिवशी शालिग्राम वकील स्वतः लोधीपुऱ्यात आले. ओट्यावर बसले. अंगठ्याची गरज नव्हती, त्यांच्यासमोर लोकांनी तोंडाने सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं की पुरे होतं. कडूने रंभाबाईला पुढे घातलं.

"माँजी, तुम्ही या धाब्यावर जायच्या तेव्हा मालकाला विचारत होत्या?"

रंभाबाईने कमरेवर हात ठेवले. "मेल्या, विचारल्याबिगर जाईन? मी काय चोरटी आहे? माझ्या सासूने शिकवलंय मला! विचार या गल्लीत कोणालाही!"

वकिलांनी कोणालाही विचारलं, आणि ज्याला विचारलं तो भडकला. उखर्डू म्हणाला, बापजन्मी ओट्यावर न विचारता टेकलो नाही. आशाबाईने गोवरी थापायच्या आधी हाक मारल्याची शपथ घेतली. बकरीवाली म्हणाली, बकरी विचारत नाही पण मी विचारते. मालूबाईने तर विस्तव मागताना वापरलेले शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. ज्या भलेपणाने एकतीस हरकती आणल्या होत्या, त्याच भलेपणाने त्या एका सकाळीत वाहून गेल्या. शालिग्राम वकील एकेका नावावर रेघ मारत गेले. कडू मनात म्हणत होता, जबलपूरला हे शिकवत नाहीत, बापा.

"अब आखरी. बत्तीस. मथुराबाई. झोक्यावर बसायच्या आधी विचारत होत्या ना?"

"नाही," मथुराबाई म्हणाली.

कडूने तिला मानेने हो म्हण अशी खूण केली. तिने नुसतं हो म्हणायचं होतं.

"आमची भिंत लागून होती. त्या भिंतीवरून उडी मारून मी थेट झोक्यावर. पाच वर्षांची असल्यापासून. कोणाला विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. लग्न झाल्यावरही परसाच्या दाराने सरळ आत जाते."

"कोई बात नहीं," वकील म्हणाले. "तुम्ही तर यांच्याच घरच्या. हक्क सोडला म्हणून सही करून द्या."

"नाही सोडणार."

"अगं!" कडू ओरडला. "परवा मुदत संपते! एका झोक्यापायी घर घालवतेस?"

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. गल्ली सगळी ऐकत होती, पण तिला पर्वा नव्हती. "तीस वर्षं विचारू राहिले मी," ती म्हणाली. "खिळा ठोकू का, उखळ मांडू का, तुळस लावू का, पाहुणी दोन दिवस ठेवू का. सात मालकांना विचारलं. तुम्हाला विचारलं ते वेगळंच. जन्मात एक गोष्ट मी कोणाला न विचारता केली, ती ही. ती मी कागदावरही सोडणार नाही. घर गेलं तर जाऊ द्या."

आशाबाईने पदराने नाक पुसलं. कडू पुन्हा ओरडणार होता, पण त्याला ती भाडेचिठ्ठीतली ओळ दिसत होती, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली, सात वेळा. शरमेने त्याचे कान तापले.

आणि त्याच वेळी त्याचं डोकं, तीस वर्षं कागदात मुरलेलं, आपलं काम करत होतं. उपाय होता. अगदी सोपा. चिंचेखाली बसणारं शेंबडं पोरही सांगेल इतका सोपा. मालकाचा आपल्याच घरावर वेगळा हक्क नसतो. झोक्याचा हक्क जिचा, घरही तिचंच झालं, तर सोडायला काही उरतच नाही. खरेदीखत मथुराबाईच्या नावावर, गहाणखतही तिच्याच नावावर, नवरा जामीन. बँकेला काय, तिला घर निर्वेध मिळाल्याशी मतलब.

पण बायकोच्या नावावर घर करू नको, हे तो गावातल्या प्रत्येक नवऱ्याला सांगत आला होता. आणि त्यात हे घर सासरवाडीच्या गल्लीत. बायकोच्या मालकीच्या घरात, बायकोच्या माहेरी जाऊन राहणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते सांगायला अर्जीनवीस लागत नाही. घरजावई! चोपन्नाव्या वर्षी! चिंचेखालचे बाकीचे तिघे अर्जीनवीस मरेपर्यंत त्याला सोडणार नव्हते.

त्याने टाक कानावरून काढला. पुन्हा खोचला. पुन्हा काढला.

"वकीलसाहेब," तो घसा खाकरून म्हणाला, "खरेदी घेणाराचं नाव बदलायचंय."

रंभाबाईला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. "व माय!" ती टाळी देऊन ओरडली. "घरजावई झाले ग जावाईबुवा!" गल्लीत असा हशा पिकला की ओट्यावरचा उखर्डू डुलकीतून दचकून उठला. कडूने मान खाली घालून लिहायला घेतलं. खरेदी घेणार, मथुराबाई भ्रतार कडू. बायांच्या नावामागे भ्रतार अमुक, म्हणजे नवरा अमुक, असं त्याने हजारो वेळा लिहिलं होतं. स्वतःचं नाव तिथे, शेपटासारखं, आज पहिल्यांदा आलं, आणि अक्षर जरा वाकडं पडलं.

मुदतीच्या दिवशी दुपारी रजिस्ट्री झाली. मथुराबाईने सही केली. ती चौथीपर्यंत शिकलेली, अंगठ्याची गरज नव्हती. सही करण्याआधी तिने दोन्ही दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून वाचले. रजिस्ट्रार ताटकळला, पण कडू काही बोलला नाही. वाचल्याबिगर सही करू नका हेही तोच सांगायचा.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळीच सामानाची बैलगाडी मथुराबाईबरोबर पुढे गेली. कडू मागे राहिला तो जुन्या मालकाला किल्ली द्यायला. मालकाने सगळ्या भिंती हात फिरवून तपासल्या, एकही भोक सापडलं नाही, तेव्हा किल्ली घेतली. ऊन मी म्हणत होतं. कडू टोपी हातात घेऊन, घाम पुसत, लोधीपुऱ्याच्या तोंडाशी आला आणि त्याला लांबूनच ठोकाठोक ऐकू आली.

ठक, ठक, ठक. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

धाब्यावर रंभाबाईची पलटण बिबड्यांची फडकी पसरत होती. परसात निंबाला झोका चढला होता आणि गल्लीच्या लेकी कोणाच्या तरी सासूचा गाण्यातून उद्धार करत होत्या. ओट्यावर उखर्डू घोरत होता. दार सताड उघडं होतं. आत समोरच्या भिंतीवर सागाच्या चौकटीचा आरसा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खिळेच खिळे. वर खिळे, खाली खिळे, कोनाड्याशी खिळे. दहा-बारांना तर टांगायला काही नव्हतंच. मथुराबाई पदर खोचून, वरवंट्याने, पुढचा खिळा ठोकत होती. केसांत चुन्याची भुकटी पडली होती.

कडूचा एक पाय उंबऱ्यावर होता. दुसरा उचलेना. तो काय लिहायचा, काय सांगायचा, ते सगळं त्याच्या डोक्यात होतं, पण त्याला आठवली ती जिन्याशी उभी राहणारी रंभाबाई.

"येऊ का?" तो म्हणाला.

ठोकणं थांबलं. धाब्यावरूनही आवाज येईनासा झाला, कारण तिथल्या सगळ्याजणी वाकून ऐकत होत्या. मथुराबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. चांगलं वेळ घेऊन पाहिलं, तीस वर्षांची सगळी घाई तिची आज संपली होती.

"या," ती म्हणाली. आणि वरवंटा दाराजवळच्या एका खिळ्याकडे दाखवून म्हणाली, "टोपी तिथे अडकवा. तुमच्यासाठी ठोकलाय."